आठ पाणलावे, पंचवीस सोरा

अमेरिकेत पाणथळीवर शिकारीला गेलेल्या माणसाला दिवसाला ८ पाणलावे (तिथला विल्सन्स स्नाइप) मारता येतात. सोरा आणि व्हर्जिनिया रेल या पाणकोंबडीच्या कुळातल्या पक्ष्यांची मर्यादा मात्र दोन्ही मिळून २५. असा फरक का? आपल्याकडे वन्य पक्ष्यांच्या शिकारीला कायद्याने बंदी आहे, तरी या आकड्यांमागचे जीवशास्त्र वर्गात सांगण्याजोगे आहे.

पाणलाव्याची मादी एका खेपेला बहुधा ४ च अंडी घालते. सोराच्या घरट्यात ८ ते ११, कधी त्याहूनही जास्त असतात. साहजिकच सोरांची घट लवकर भरून येऊ शकते. अर्थात मर्यादा केवळ अंड्यांवरून ठरत नाही. पिल्ले किती जगली, हिवाळा कसा गेला, पाणथळी किती उरल्या, हेही पाहावे लागते. पाणलावे फार घटले तेव्हा, १९४१ ते १९५३ या काळात, त्यांची शिकार पूर्ण बंद होती.

आता हंगाम. यातले कितीतरी पक्षी कॅनडात अंडी घालतात आणि अमेरिकेच्या दक्षिणेत हिवाळा काढतात. एकाने राखायचे आणि दुसऱ्याने मारायचे, तर उपयोग काय? म्हणून १९१६ साली अमेरिका आणि (कॅनडाच्या वतीने) ब्रिटन यांच्यात करार झाला. १० मार्च ते १ सप्टेंबर हा परतीचा व विणीचा काळ शिकारीला बंद. एरवीही हंगाम साडेतीन महिन्यांहून मोठा नसावा. आजच्या नियमांतले कमाल १०७ दिवस आले ते इथून.

बंदुकीत ३ हून जास्त काडतुसे चालत नाहीत. सूर्योदयापूर्वी अर्ध्या तासापासून सूर्यास्तापर्यंतच शिकार करायची. पण खरी अडचण ओळखण्याची. डोविचर हा लांब चोचीचा पक्षी पाणलाव्यासारखाच दिसतो, आणि त्याला पूर्ण संरक्षण आहे. तो बहुधा थव्याने उडतो. पाणलावा पायाजवळून एकदम उठतो आणि वेडीवाकडी वळणे घेत जातो. (‘स्नायपर’ हा शब्द याच अवघड शिकारीवरून, अठराव्या शतकात भारतातल्या इंग्रज सैनिकांच्या बोलीतून आला.) नेम धरण्याआधी ओळख पटलीच पाहिजे, आणि त्यासाठी मिळतो जेमतेम एक क्षण.

शिशाचे छर्रे चिखलात पडून राहतात. बदके ते खडे समजून गिळतात आणि त्यांना विषबाधा होते. म्हणून बदकांच्या शिकारीत १९९१ पासून तिथे देशभर शिसे वर्ज्य आहे. पाणलाव्याच्या शिकारीला मात्र हा नियम सर्वत्र लागू नाही. तोही त्याच चिखलात चोच खुपसतो, त्यामुळे ही सवलत आम्हाला पटत नाही.

शिकाऱ्याला दरवर्षी नावनोंदणीही करावी लागते. त्या यादीतून काहींना निवडून, त्यांनी किती पक्षी मारले हे विचारले जाते. हा हिशेब नसेल तर पुढच्या वर्षी ८ ठेवायचे की कमी करायचे, हे कशावरून ठरवणार?