सर्वांत मोठा क्वार्टरबॅक कोण?

गावसकर मोठा की तेंडुलकर, हा वाद ज्या घरात कधीच झाला नाही असे मराठी घर सापडणे कठीण. अमेरिकेत हाच वाद तिथल्या फुटबॉलमधील क्वार्टरबॅकवरून चालतो. आजोबांचा जॉनी युनायटस, वडिलांचा जो मोंटाना किंवा डॅन मरिनो, मुलाचा टॉम ब्रेडी आणि नातवाचा पॅट्रिक महोम्स. वाद खेळाचा आहे. पण त्यातला खरा प्रश्न आम्हा डॉक्टरांच्या रोजच्या कामातला आहे. दोन वेगळ्या काळांतले आकडे शेजारी ठेवून तुलना करायची कशी?

आधी खेळाविषयी थोडेसे. एका बाजूला अकरा खेळाडू. प्रत्येक चालीच्या सुरुवातीला चेंडू क्वार्टरबॅकच्या हाती येतो. तो स्वतः पळवायचा, शेजारच्याला द्यायचा की दूरवर धावणाऱ्या साथीदाराकडे फेकायचा, हे त्याने साधारण तीन सेकंदांत ठरवायचे. तेवढ्या वेळात शंभर-सव्वाशे किलोंची माणसे त्याच्या अंगावर धावून येत असतात. फेक साथीदाराने गोलरेषेपलीकडे झेलली की टचडाउन. प्रतिस्पर्ध्याने मध्येच पकडली की इंटरसेप्शन, म्हणजे चेंडू गेला.

आता आकडे पाहू. युनायटसने १९५९ च्या हंगामात ३२ टचडाउन पास दिले. मरिनोने १९८४ मध्ये ४८, मॅनिंगने २०१३ मध्ये ५५, महोम्सने २०१८ मध्ये ५०. नुसते पाहिले तर युनायटस कुठेच नाही. पण १९५९ चा हंगाम १२ सामन्यांचा होता आणि इतर तिघांचे १६ सामन्यांचे. सामन्यामागे हिशेब केला तर युनायटस २.७, मरिनो ३.०, महोम्स ३.१ आणि मॅनिंग ३.४. अंतर एकदम कमी झाले. एखाद्या आजाराने किती माणसे दगावली हे सांगताना किती माणसे आजारी होती हेही सांगावे लागते. छेद विसरलेला आकडा फसवतो, हा पहिला धडा.

दुसरा धडा जास्त कठीण आहे. क्वार्टरबॅकची गुणवत्ता एका आकड्यात मांडण्यासाठी तिथल्या लीगने १९७३ मध्ये ‘पासर रेटिंग’ नावाचे सूत्र स्वीकारले. त्या वेळच्या सरासरी खेळाला सुमारे ६७ गुण मिळतील, अशी त्याची बांधणी होती. आज लीगची सरासरीच ९० च्या आसपास आहे. युनायटसचे कारकिर्दीचे रेटिंग ७८.२, मोंटानाचे ९२.३ आणि ब्रेडीचे ९७.२. म्हणजे या सूत्रानुसार आजचा अगदी सामान्य क्वार्टरबॅक युनायटसपेक्षा सरस ठरतो! जो नेमथने १९६७ मध्ये एका हंगामात ४,००७ यार्ड फेक केली. चार हजारांचा टप्पा गाठणारा तो पहिलाच. त्याच हंगामात त्याने २६ टचडाउन दिले आणि २८ इंटरसेप्शन. असे आकडे घेऊन आज कुणी उभा राहिला तर त्याला बाकावर बसवतील.

मग माणसे खरोखर एवढी सुधारली का? काही अंशी होय, पण नियमही बदलले. १९७८ पासून चेंडू झेलणाऱ्याला पाच यार्डांपुढे अडवण्या-ढकलण्यावर बंधन आले आणि क्वार्टरबॅकचे रक्षण करणाऱ्यांना हात पसरून, पंजे उघडे ठेवून अडवायची मोकळीक मिळाली. सॅन फ्रान्सिस्कोचे प्रशिक्षक बिल वॉल्श यांनी छोट्या, हमखास पोचणाऱ्या फेकींवर अख्खी खेळपद्धत उभारली आणि पुढे ती सगळीकडे पसरली. सोप्या फेकींचे प्रमाण वाढले की यशाची टक्केवारी वाढणारच. त्यासाठी हातात जास्त जादू असावी लागत नाही.

वैद्यकातही असेच घडते. साठच्या दशकापूर्वी हृदयविकाराच्या झटक्याने रुग्णालयात आलेल्या रुग्णांपैकी सुमारे ३० टक्के दगावत. आज चांगले उपचार वेळेत मिळाले तर हे प्रमाण दहा टक्क्यांच्या खाली असते. यात अतिदक्षता कक्ष, गुठळी विरघळवणारी औषधे आणि अँजिओप्लास्टी यांचा मोठा वाटा आहे, यात शंका नाही. पण ट्रोपोनिनच्या रक्ततपासणीमुळे पूर्वी कळतही नसत असे लहान झटके आज मोजले जातात. सौम्य रुग्ण यादीत वाढले की मृत्यूची टक्केवारी आपोआप घटते. म्हणून नवे औषध पारखताना जुन्या काळच्या रुग्णांशी तुलना न करता, त्याच वेळी त्याच वॉर्डात ते औषध न मिळालेल्या रुग्णांशी करतात. स्ट्रेप्टोमायसिनची क्षयरोगावरची १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेली ब्रिटिश चाचणी याचा आदर्श मानली जाते.

हीच पद्धत मैदानावर लावू. प्रत्येकाला त्याच्या समकालीनांशी तोलायचे. क्लीव्हलँडचा ओटो ग्रॅहम १९४६ ते १९५५ असे दहा हंगाम खेळला, दहाही वेळा संघाला अंतिम सामन्यात घेऊन गेला आणि सात विजेतेपदे मिळवली. युनायटसने सलग ४७ सामन्यांत किमान एक टचडाउन पास दिला. १९६० मध्ये थांबलेला हा विक्रम ड्रू ब्रीजने मोडला तो २०१२ मध्ये. मधल्या बावन्न वर्षांत नियम फेकणाऱ्याच्या बाजूने झुकत गेले, तरीही तो टिकला. मरिनोच्या आधी एका हंगामातला विक्रम ३६ टचडाउनचा होता. त्याने तो एकदम ४८ वर नेला. समकालीनांपासूनचे हे अंतर म्हणजे मोठेपणाचे बरेच विश्वासार्ह माप.

तरीही एक गोष्ट या मापात येत नाही, ती म्हणजे शरीर. नेमथच्या गुडघ्यावर व्यावसायिक खेळ सुरू होण्याआधीच, १९६५ मध्ये, शस्त्रक्रिया झाली. दुर्बिणीतून गुडघा पाहण्याची सोय तेव्हा सर्रास नव्हती. त्या गुडघ्यांवरच तो वर्षानुवर्षे लंगडत खेळला. ब्रेडीच्या गुडघ्याचे लिगामेंट २००८ च्या पहिल्याच सामन्यात फाटले. नवे लिगामेंट बसवले गेले, तो पुढच्या वर्षी परतला, शिवाय जमिनीवर पडलेल्या खेळाडूने क्वार्टरबॅकच्या पायांवर झेपावू नये, असा नियमही झाला. पुढे त्रेचाळिसाव्या वर्षी त्याने सातवे विजेतेपद जिंकले. मोंटानाच्या कण्यातील चकतीवर १९८६ मध्ये शस्त्रक्रिया झाली आणि ५५ दिवसांत तो मैदानावर होता. मॅनिंग मानेच्या शस्त्रक्रियांमुळे २०११ चा पूर्ण हंगाम मुकला आणि दोन वर्षांनी ५५ टचडाउनचा विक्रम केला. या पुनरागमनांत जिद्द आहेच, पण शल्यचिकित्सा आणि फिजिओथेरपीही आहे. युनायटसच्या वाट्याला ते आले नाही. ज्या उजव्या हाताने त्याने खेळ गाजवला, त्या हाताची बोटे उतारवयात त्याला नीट वळवता येत नव्हती.

डोक्याचा हिशेब तर याहून गंभीर आहे. हेल्मेट कवटी फुटण्यापासून वाचवते. आतल्या द्रवात तरंगणारा मेंदू हादरण्यापासून पूर्णपणे वाचवू शकत नाही. असे हादरे वर्षानुवर्षे बसले तर मेंदूत टाऊ नावाचे प्रथिन साचून सीटीई हा विकार होऊ शकतो. त्याचे खात्रीशीर निदान आजही मृत्यूनंतरच होते. ओकलंडचा नामांकित क्वार्टरबॅक केन स्टेबलर २०१५ मध्ये आतड्याच्या कर्करोगाने गेला; त्याच्या मेंदूत हा विकार बराच पुढे गेलेला आढळला. २०१७ च्या एका अभ्यासात व्यावसायिक लीगमधील १११ खेळाडूंच्या मेंदूंपैकी ११० मध्ये सीटीई सापडला. मात्र हे मेंदू दान केलेले होते. ज्यांच्या घरच्यांना काही बिघाड जाणवला, त्यांनीच ते देण्याची शक्यता अधिक. त्यामुळे ‘शंभरातल्या नव्याण्णवांना हा आजार’ असा अर्थ काढणे चूक. दुसरीकडे १९५९ ते १९८८ या काळातील ३,४३९ खेळाडूंच्या अभ्यासात एकूण मृत्युदर सर्वसामान्यांपेक्षा कमी निघाला, कारण मुळात धडधाकट माणसेच तिथवर पोचतात. पण मेंदूच्या ऱ्हासाच्या आजारांनी होणारे मृत्यू सुमारे तिप्पट होते.

मग सर्वांत मोठा कोण? दीर्घ कारकीर्द आणि विजेतेपदे यांत ब्रेडीला तोड नाही. एका हंगामाची उंची पाहायची तर मरिनोचे १९८४. पण आपल्या काळाच्या किती पुढे होता आणि काळाने त्याला किती मदत केली, हे दोन्ही एकत्र तोलले तर माझे मत युनायटसला. तुमचे वेगळे असू शकेल. फक्त कोणत्या प्रश्नाचे उत्तर देतो आहोत ते आधी ठरवावे.

हे तारतम्य खेळापुरते नाही. अमुक रुग्णालयात मृत्यू जास्त, तमुक ठिकाणी कमी, अशा याद्या छापून येतात. तीन ठिकाणी फिरून, पैसे संपवून शेवटच्या अवस्थेत सरकारी रुग्णालयात येणारा रुग्ण आणि पहिल्या तासात खासगी दवाखान्यात पोचलेला रुग्ण एकाच रकान्यात मोजले तर ती यादी १९५९ आणि २०१३ ची तुलना करण्याइतकीच निरर्थक ठरते. तेव्हा असा आकडा समोर आला की विचारावे: कितींपैकी? कोणाशी तुलना करून? आणि मोजणीतून कोण सुटले?

आणखी एक, आपल्या मुलांसाठी. डोक्याला मार लागल्यावर खेळाडूचा तोल गेलेला दिसला तर त्याला त्या सामन्यात परत पाठवायचे नाही, असा नियम अमेरिकी लीगने २०२२ मध्ये केला. कबड्डी असो, क्रिकेट असो की दुचाकीवरून पडणे. मार लागल्यावर मूल गोंधळले, अडखळले किंवा त्याला उलटी झाली तर त्या दिवशी खेळ बंद करावा आणि लगेच डॉक्टर गाठावा.