पुढचा अथर्व कोण?

(अंदाजपंचे : भाग ८)

मागच्या आठवड्यात पावसाच्या अंदाजांविषयी लिहिलं, तेव्हा एक मोठी सोय होती. कुलाब्याच्या वेधशाळेकडे दीडशेहून अधिक वर्षांच्या नोंदी आहेत, त्यामुळे अंदाज चुकला तरी नेमका किती चुकला ते मोजता येतं. आजचा विषय बाळांच्या नावांचा. अजून पाच-सात वर्षांनी गिरगाव, दादर, परळच्या बालवाड्यांत हजेरी घेताना कोणती नावं पुकारली जातील, हे आज सांगता येईल का? अडचण अशी की नावांची वेधशाळा आपल्याकडे नाहीच.

अमेरिकेत ती आहे. तिथलं सामाजिक सुरक्षा खातं १८८० पासूनच्या बाळांची नावं, कोणत्या वर्षी कोणतं नाव किती जणांना मिळालं या आकड्यांसकट, सगळ्यांसाठी खुली ठेवतं. एखादं नाव पाचापेक्षा कमी बाळांचं असेल तर तेवढं वगळतात. अभ्यासकांची या आकड्यांवर उडी पडते, कारण साडीच्या फॅशनमागे दुकानदार असतो, मोबाइलच्या फॅशनमागे कंपनी असते, नावामागे मात्र विकणारा कोणी नसतो. वैशाली ठेवा की विमल, किंमत तीच. आवडनिवड आपल्या आपण कशी बदलते हे बघायला याहून चांगली जागा नाही, असं हार्वर्डचे समाजशास्त्रज्ञ स्टॅन्ली लीबरसन यांना वाटलं आणि त्यांनी २००० साली त्यावर ‘अ मॅटर ऑफ टेस्ट’ हे अख्खं पुस्तक लिहिलं.

आपल्याकडे जन्ममृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा. दादरचं बाळ पालिकेच्या जी उत्तर विभागात नोंदलं जातं, परळ-लालबागचं एफ दक्षिणमध्ये. नोंद होते तेव्हा नावाचा रकाना पुष्कळदा कोराच असतो, कारण बारसं व्हायचं असतं. वर्षभरात नाव फुकट घालता येतं, त्यानंतर विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. म्हणजे नावं जमा होतात, पण यंदा किती अथर्व झाले आणि किती स्वरा, याचा तक्ता कोणी छापत नाही.

आडवळणाचा एक उपाय आहे : मतदार यादी. तिच्यात नाव असतं आणि वय असतं, वयावरून जन्मसाल निघतं. पुरुषांची नावं वयाने लावत गेलात तर सत्तरीच्या आसपास रमेश, सुरेश, अशोक, प्रकाश यांची दाटी लागते, पन्नाशीत संजय, राजेश, नितीन, सचिन आणि तिशीत अक्षय, ओंकार, प्रथमेश. बायकांच्या नावांत मात्र गफलत होते. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नवं नाव लिहायची रीत ज्या पिढीने पाळली, त्या पिढीतल्या बाईचं यादीतलं नाव तिच्या जन्माच्या नव्हे, लग्नाच्या वर्षाची फॅशन सांगतं. शिवाय तिथे नवऱ्याची आवड असते, आत्याची नाही. आणि ज्या गिरगावाची नावं शोधायची ते अर्धंअधिक गिरगाव आता डोंबिवली-बोरिवलीच्या याद्यांत आहे.

आता एका लाडक्या समजुतीकडे वळू. सचिन हे नाव तेंडुलकरमुळे घरोघरी गेलं असं आपण धरून चालतो. तारखा वेगळं सांगतात. सचिन तेंडुलकरचा जन्म २४ एप्रिल १९७३ चा, दादरचाच. वडील प्रा. रमेश तेंडुलकर यांना सचिनदेव बर्मन यांचं संगीत प्रिय, म्हणून हे नाव. मुलगा कराचीत पहिली कसोटी खेळला तो नोव्हेंबर १९८९ मध्ये. तोवर मराठी शाळांत सचिनांचा तुटवडा मुळीच नव्हता. पडद्यावरचा सचिन तर १९६२ च्या ‘हा माझा मार्ग एकला’पासून लोकांना ठाऊक होता. नितीन, विपीन, जतीन, प्रवीण अशी एक चाल त्या काळात कानाला गोड वाटत होती, सचिन त्या चालीत चपखल बसला. तेंडुलकर सरांनी नाव मनापासून, स्वतःच्या आवडीने निवडलं आणि तरी ते काळाच्या सुरात लागलं. बहुतेक आईबापांचं असंच होतं. आपण जगावेगळं नाव ठेवलं या समाधानात तीन वर्षं जातात, मग बालवाडीत कळतं की आणखी तिघांना तेच सुचलं होतं.

लीबरसन यांचं म्हणणं नेमकं हे आहे. नट-नट्या सहसा नावाची लाट उठवत नाहीत, उठलेल्या लाटेवर चढतात. मेरिलिन मन्रोने ते नाव घेतलं १९४६ साली, तेव्हा अमेरिकेत मेरिलिनचा बहर ओसरू लागला होता. आपल्याकडे ‘अंजाना अंजानी’ या २०१० च्या चित्रपटातल्या नायिकेचं नाव कियारा, तेच आलिया अडवाणीने पुढे स्वतःला घेतलं. म्हणजे नटीनेच नाव उचललं, बाकीचे उचलतात तसं. (उलटा परिणाम होतो का, हे ‘माझ्या नवऱ्याची बायको’ सुरू असताना ज्यांच्या घरी शनाया नावाची मुलगी होती त्यांना विचारावं.)

म्हणून अंदाज बांधायचा तर गाजलेल्या माणसांकडे नाही, ध्वनीकडे बघायचं. आणि मराठीत ध्वनी बघायचा तो नावाच्या शेपटाचा. याला कारण पंचांग आहे, असं मला वाटतं. २७ नक्षत्रं, प्रत्येकाचे ४ चरण, एकूण १०८, आणि प्रत्येक चरणाला ठरलेलं अक्षर. अश्विनीला चू, चे, चो, ला. अक्षर पाळणाऱ्या घरात नावाचा पहिला ध्वनी जन्मवेळेने ठरून जातो. आर्द्रेच्या वाट्याला ङ येतो आणि हस्ताच्या वाट्याला ण, तेव्हा गुरुजीच वाट काढतात किंवा रासनाव पाळण्यापुरतं ठेवून हाकेचं नाव वेगळं घेतात. पण डोकं बांधलेलं असलं तरी शेपूट मोकळं असतं. हौस तिथे फिटते. रमेश-महेश-योगेश-नीलेश हा ‘एश’चा जमाना, वैशाली-रूपाली-सोनाली-दीपाली हा ‘आली’चा, मग शिवांश-देवांश-रियांश आणि मुलींत मायरा-कियारा-समायरा-आयरा. अमेरिकेत अक्षराची सक्ती नाही, तर तिथे लाट नावाच्या तोंडाशीही दिसते : २००५ च्या कॅटरिना वादळानंतर ‘क’ने सुरू होणारी नावं वाढल्याचं जोना बर्जर आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखवलं. वादळाचं नाव काही मुलींत वाढलं नाही, त्याचा आवाज तेवढा कानात राहिला.

शेपूट बदलतं, देव बदलत नाही. लालबाग-परळच्या कोकणी गिरणी कामगारांच्या चार पिढ्या घ्या. पणजोबा गणपत, आजोबा गजानन, काका गणेश, मग प्रथमेश आणि सिद्धेश, त्यांच्यामागून ओंकार, आणि शेवटी अथर्वशीर्षातून उचललेला अथर्व. गणपती एकच, प्रत्येक पिढीने त्याच्याकडून आपल्या कानाला रुचेल ते नाव मागून घेतलं. लंबोदर आणि वक्रतुंड हीही त्याचीच नावं, ती कधी कोणी मागितली नाहीत. खंडोबाचंही तसंच. खंडू मागे पडला, मल्हार मात्र दादर-पार्ल्याच्या घरांत हौसेने आला. ‘जय मल्हार’ मालिका २०१४ ची, तिने हातभार लावला असेलही, पण मालिकेत खंडोबा हे नावही होतंच की. ते कोणी घेतलं नाही.

इथे ‘फ्रीकॉनॉमिक्स’वाल्यांचा सिद्धांत थोडा अडखळतो. लेविट आणि डबनर यांनी २००५ च्या त्या पुस्तकात मांडलं की नावं सुखवस्तू घरांत उगवतात आणि पायरीपायरीने खाली उतरतात. त्या हिशेबाने त्यांनी २०१५ ची नावंही सांगून टाकली. लियाम, ऑलिव्हर, एमा अचूक लागली. फ्लॅनरी आणि मॅकग्रेगर कुठल्या कुठे राहिली. मल्हार तर जेजुरीच्या लोकदेवाचं नाव, तो जिना उलट्या दिशेने चढला.

आणि जिनाच नाकारण्याचं सर्वांत मोठं उदाहरण याच भागातलं आहे. धोंडू, दगडू, केरू, भिकू ही नावं दोन कारणांनी पडत. एक, मुलं जगत नसत, म्हणून दृष्ट लागू नये असं नाव. हे सगळ्याच जातींत चाले, महर्षी कर्वेही धोंडोच. दुसरं कारण क्रूर होतं : शूद्राचं नाव हीनतादर्शक असावं असं मनुस्मृतीच सांगते. बालमृत्यू घटले तसं पहिलं कारण विरलं. दुसरं आपोआप विरलं नाही, ते फेकून दिलं गेलं. परळच्या बीआयटी चाळीत राहिलेल्या आणि पुढे दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ बांधणाऱ्या बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धर्मांतर केलं, आणि नायगाव-वरळीच्या बीडीडी चाळींतले पाळणे सिद्धार्थ, गौतम, राहुल, मिलिंद, सुजाता, संघमित्रा म्हणू लागले. कोणत्याही आकड्यांच्या तक्त्यातून १९५५ साली हे दिसलं नसतं. पाट्या वाचणाऱ्याला मात्र दिसलं असतं : मुंबईतलं सिद्धार्थ कॉलेज १९४६ चं, औरंगाबादचं मिलिंद महाविद्यालय १९५० चं. मुलांच्या आधी इमारतींची बारशी झाली होती. आज राहुल आणि मिलिंद सगळ्या जातींत सापडतात.

मग आता पुढचं? आधी काय उतरणार ते सांगतो, ते सोपं आहे. बर्जर आणि ल मेन्स यांनी २००९ मध्ये अमेरिका व फ्रान्सची शंभरेक वर्षांची नावं तपासली, तेव्हा झपाट्याने चढलेलं नाव झपाट्याने पडतं असं आढळलं. लोकांना ते नाव ‘सध्या चाललंय’ असं वाटू लागतं आणि तेच त्याला मारक ठरतं. ‘आंश’ आणि ‘आयरा’ मंडळी या टप्प्याला आली आहेत.

चढणाऱ्यांसाठी मी तीन चाळण्या लावतो. पहिली, पणजी-पणजोबांची पिढी. आईबापांची नावं शिळी वाटतात, आजीआजोबांची कंटाळवाणी, त्यामागची पिढी मात्र फोटोतली, म्हणून गोड. तारा, मीरा, रमा याच वाटेने परतल्या. सुनीता आणि संजय यांनी अजून तीसेक वर्षं वाट बघावी. दुसरी चाळणी शेपटाची : जुनं नाव चालू ध्वनीच्या जवळ हवं. तिसरी सरकारी आहे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी आईचं, मग वडिलांचं नाव आणि आडनाव लागतं. एवढी लांब गाडी ओढायची तर इंजिन आखूड बरं, म्हणून तीन अक्षरांपलीकडची नावं मागे पडतील.

तिन्हीतून पार होणारा मुलगा मला एक दिसतो : केशव. आरव, अर्णव, राघव यांनी ‘अव’ कानाला सवयीचा करून ठेवला आहे, विष्णूच्या चोवीस नावांत केशव पहिलाच, आणि पणजोबांच्या पिढीत तो घरोघरी होता. मुलींमध्ये ‘रा’चा कंटाळा आला की ‘ऊ’ची पाळी येईल असा माझा कयास आहे, इंदू आणि वेणू यांवर पैज लावायला तयार आहे, त्यातही वेणूवर जास्त. मालतीवर नाही, ती अजून अंबाडा घालूनच डोळ्यांपुढे येते. लालबागेत अथर्वची जागा घ्यायला हेरंब रांगेत आहे, पण त्याचा शेवट ओठ मिटून होतो आणि आजच्या नावांना तोंड उघडं ठेवायला आवडतं. तिथे मी वरदच्या पुनरागमनावर पैसे लावीन, आणि हरलो तर हरवणारं नावही गणपतीच्याच सहस्रनामातलं असेल एवढं मात्र आजच लिहून देतो.