काठीवरचा अँटेना आणि गच्चीवरची छत्री

कुंभकोणम् शहराला लागून असलेल्या दारासुरम् गावी, जेथे दुसऱ्या राजराज चोळाने बाराव्या शतकात उभारलेल्या ऐरावतेश्वराच्या मंदिरासाठी परगावचे लोक येतात आणि रेशमाच्या मागांवर गावच्या लोकांचा चरितार्थ चालतो, तेथे दूरचित्रवाणीचा संच घरात आणताना मराठी कुटुंबापुढे जो प्रश्न उभा राहिला, तो पुण्यामुंबईच्या घरांना कधी पडलाच नाही. १६७६ साली व्यंकोजीराजांनी तंजावरची गादी स्थापिली आणि १८५५ साली ते राज्य संपुष्टात आले. या अवधीत दक्षिणेत येऊन राहिलेल्या आमच्यासारख्या घराण्यांत तमिळ ही बाजारहाटाची, शाळेची व शेजाराची भाषा झाली, तर मराठी देवघरात आणि स्वयंपाकघरात टिकून राहिली. अशा घराला तिरुवैयारूची त्यागराज-आराधना पाहावयाची असते आणि पंढरपूरची आषाढीची महापूजाही. परंतु पहिली भर सकाळी कामाच्या वेळी होते, दुसरी उत्तररात्री, आणि दीर्घकाळपर्यंत पहिली जमिनीवरच्या मनोऱ्याकडून तर दुसरी केवळ उपग्रहाकडून मिळण्याजोगी होती. सबब दोन्ही लहरी घेणारा आणि आपल्या अनुपस्थितीत कार्यक्रमांचे मुद्रण करून ठेवणारा जोडसंग्राहक कोणता निवडावा, हा आमच्याकडे चाळीस वर्षे चाललेला विचार आहे.

आरंभ मात्र श्रीलंकेपासून झाला. मद्रास केंद्र १५ ऑगस्ट १९७५ रोजी सुरू झाले खरे, पण त्याचे प्रक्षेपण कावेरीच्या मुखाकडील या सपाट प्रदेशापर्यंत पोहोचत नव्हते. १९८२ च्या फेब्रुवारीत सिंहलद्वीपाची ‘रूपवाहिनी’ सुरू झाली आणि पिदुरुतलागल या अडीच हजार मीटर उंचीच्या शिखरावरून निघालेली लहर, हवा अनुकूल असेल त्या रात्री, समुद्र ओलांडून आमच्या घरांपर्यंत येऊ लागली. तिच्यासाठी लोकांनी छपरांवर लोखंडी नळ्यांच्या उंच काठ्या रोवल्या, त्यांच्या टोकाला ॲल्युमिनियमच्या दांड्यांचे लांबट अँटेना चढविले, तारेत बूस्टर बसविले; एक जण छपरावर काठी फिरवीत असे आणि दुसरा खालून, पडद्यावरच्या मुंग्या कमी झाल्या की नाही, ते ओरडून सांगत असे. पुढे कोडाइकनालच्या डोंगरावरून आणि इतर मनोऱ्यांवरून दूरदर्शनचे कार्यक्रम मिळू लागले, १९८५ साली संचासाठी काढावा लागणारा सरकारी परवानाही रद्द झाला, आणि काठीची दिशा दक्षिणेकडून वळून स्थिर झाली.

मुद्रणाची सोय व्हीसीआरने केली. त्या यंत्राची थोरवी आज सहज विस्मरणात जाते, म्हणून तिचा उल्लेख थोड्या विस्ताराने करतो. भूप्रक्षेपणाच्या वाहिन्या निवडणारा भाग त्याच्या अंगातच असे. वेळ लावून ठेवली की संच बंद असतानाही ते आपल्या परीने जागे होई, आणि तीन तासांची कॅसेट मंद गतीवर सहा तास पुरे. नव्वदच्या दशकात उपग्रहवाहिन्या आल्या. १९९३ च्या तमिळ नववर्षदिनी सन टीव्ही सुरू झाली, आणि त्याच सुमारास दूरदर्शनने प्रादेशिक भाषांसाठी उपग्रहावरून त्या वाहिन्या चालू केल्या ज्यांना पुढे ‘पोदिगै’ आणि ‘सह्याद्री’ ही नावे मिळाली. जाळीची मोठी छत्री गच्चीवर बसवून दारासुरममध्ये सह्याद्री पाहता येणे, ही घरातल्या वृद्ध मंडळींच्या दृष्टीने लहानसहान घटना नव्हती. मराठी बोलणारे शेजारी विरळ असलेल्या गावात, महाराष्ट्रातले कीर्तन महाराष्ट्रातल्या उच्चारात ऐकावयास मिळू लागले.

जोडसंग्राहक दुकानात मिळण्यापूर्वी तो लोकांनी घरीच रचला, तो असा. काठीवरच्या अँटेनाची तार प्रथम उपग्रह-संग्राहकात जाई, तेथून व्हीसीआरमध्ये आणि तेथून संचात. उपग्रहाचे चित्र संग्राहक एका मोकळ्या वाहिनीवर चढवून त्याच तारेत सोडी, त्यामुळे व्हीसीआरला ते आणखी एका स्थानिक वाहिनीसारखे दिसे. एका तारेत दोन्ही लहरी नांदू लागल्या. अडचण होती ती वेळेची. व्हीसीआर आपल्या घड्याळाप्रमाणे जागा होई, परंतु उपग्रह-संग्राहकाला तो हुकूम देऊ शकत नसे. म्हणून एकादशीच्या आदल्या रात्री संग्राहक सह्याद्रीवर लावून, तसाच चालू ठेवून, घरातल्या मुलांना त्याला हात न लावण्याची ताकीद देऊन निजावे लागे. पुढील काळात जोडसंग्राहकाची जी खरी कसोटी ठरली, ती हीच: दोन्ही लहरी तो घेतो की नाही याइतकेच, दोन्हींचे मुद्रण एकाच घड्याळाच्या अखत्यारीत आहे की नाही, हे पाहिले पाहिजे.

असे मुद्रण कायद्याला धरून आहे की नाही, अशी शंका अनेकांना येते. प्रक्षेपणसंस्थांना आपल्या प्रक्षेपणावर पंचवीस वर्षांचा हक्क देणाऱ्या १९५७ च्या प्रताधिकार कायद्यातच, ३९ व्या कलमात, स्वतःच्या खासगी उपयोगासाठी अथवा प्रामाणिक अध्यापन-संशोधनासाठी केलेल्या मुद्रणाला मोकळीक ठेवलेली आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९८४ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी दिलेला सोनी कंपनीचा निकालही याच अर्थाचा आहे: गैरसोयीच्या वेळचा कार्यक्रम सोयीच्या वेळी पाहण्यासाठी घरी टिपून ठेवणे, हा अपराध नव्हे.

१६ डिसेंबर २००४ रोजी दूरदर्शनची ‘डीडी डायरेक्ट प्लस’ ही निःशुल्क सेवा सुरू झाली, जी आज फ्री डिश या नावाने परिचित आहे, आणि लहानशा छत्रीवर पोदिगै व सह्याद्री शेजारी शेजारी येऊन बसल्या. दोन लहरींची निकड येथे कमी झाली. संपली मात्र नाही, आणि त्याचे कारण आमच्याकडचा पाऊस. ही सेवा ज्या अकरा-बारा गिगाहर्ट्‍झच्या आसपासच्या लहरींवर चालते, त्या दाट पावसात शोषल्या जातात. जुन्या मोठ्या छत्रीच्या चार गिगाहर्ट्‍झच्या लहरींना आणि मनोऱ्याच्या लहरींना तो उपद्रव जवळजवळ नसे. आषाढीला आमच्याकडे आकाश बहुधा मोकळे असते, पौषात आराधनेच्या वेळी ईशान्य मोसमी पाऊस ओसरलेला असतो. परंतु दिवाळी ते मार्गशीर्ष या काळात, काठीवरच्या अँटेनावरून केलेले मुद्रण अखंड मिळावे आणि छत्रीवरचे मध्येच तुटलेले असावे, हा अनुभव ठरलेला. उलटपक्षी छत्रीला एक लाभ होता: या अक्षांशावर ती सुमारे सत्तर अंशांवर, म्हणजे बहुतेक डोक्यावरच्या आकाशाकडे पाहते, त्यामुळे भोवतालच्या नारळींची आडकाठी तिला होत नाही.

याच सुमारास सशुल्क सेवांनी हार्ड डिस्क असलेले सेट टॉप बॉक्स आणले, ज्यांत मुद्रणाची सोय निःसंशय उत्तम होती: साप्ताहिक कार्यक्रमाची यादी पडद्यावर, एक वाहिनी पाहता पाहता दुसरीचे मुद्रण. पण ते मुद्रण कूटबद्ध होऊन त्याच बॉक्सशी बांधलेले असे. आमच्या एका आप्तांनी अशी एक सेवा बंद केली तेव्हा वडिलांच्या हयातीतल्या सगळ्या आषाढींचा साठा डिस्कवर शाबूत असूनही उघडेनासा झाला. व्हीसीआरच्या कॅसेटीने असा दगा कोणाला दिला नव्हता. यंत्राची निवड करताना लोक किती वाहिन्या आणि किती तास एवढेच विचारतात; मुद्रित केलेले दुसऱ्या यंत्रावर चालेल काय, हा प्रश्न मला त्याहून फार मोठा वाटतो.

युरोपात उपग्रह आणि भूप्रक्षेपण या दोहोंचे अंकीय संग्राहक एकाच खोक्यात घालणारी यंत्रे रुजली, कारण तेथे दोन्ही बाजूंनी वाहिन्या भरभरून मिळत होत्या. आपल्याकडे दूरदर्शनने २०१६ च्या फेब्रुवारीत सोळा शहरांत नव्या पद्धतीचे अंकीय भूप्रक्षेपण सुरू केले. त्यात मुंबई व औरंगाबाद होती, तमिळनाडूतून चेन्नई होती, आणि कावेरीच्या खोऱ्याचा त्यात समावेश नव्हता. ‘कॉम्बो’ या नावाने विकले जाणारे बॉक्स कुंभकोणमच्या दुकानांत पाहावयास मिळाले, त्यांच्या पाठीला अँटेनाचे छिद्रही होते, पण त्या छिद्राला देण्याजोगी लहर येथे आली नाही. नंतर मार्च २०२२ पर्यंत मोजके प्रक्षेपक वगळता जुने भूप्रक्षेपणही देशभर आवरते घेण्यात आले. या धोरणाशी मी सहमत नाही. २०१८ च्या नोव्हेंबरात ‘गाजा’ चक्रीवादळ याच त्रिभुज प्रदेशावर आले, आणि अशा प्रसंगी छत्री जागची हलली की उपग्रह हरवतो; मनोऱ्याची लहर साध्या तारेवरही येते. ज्या किनाऱ्याला दरवर्षी वादळाची धास्ती असते, तेथे तरी अंकीय भूप्रक्षेपणाची तरतूद व्हावयास हवी होती.

आजमितीस येथील घराला माझी शिफारस साध्या, यूएसबी-मुद्रण असलेल्या निःशुल्क बॉक्सची आहे. दुकानात पेन ड्राइव्ह बरोबर न्यावा, दहा मिनिटे मुद्रण करवून घ्यावे आणि तो दुकानदाराच्या संगणकावर लावून चित्र व आवाज दोन्ही येतात की नाही ते पाहावे. येत नसतील तर तो बॉक्स, इतर गुण कितीही असोत, परत ठेवावा. साध्या चित्राला तासाला एक ते दोन जीबी जागा लागते, आणि जुन्या फॅट३२ मांडणीच्या डिस्कवर चार जीबीहून मोठी फाइल राहत नसल्याने लांब कार्यक्रमाचे तुकडे पडतात, ते क्रमाने जपावेत. एकाच संग्राहकाच्या बॉक्समध्ये एक वाहिनी टिपीत दुसरी पाहता येते ती दोन्ही उपग्रहाच्या एकाच ट्रान्सपाँडरवर असतील तरच. तेवढ्यासाठी महागडे यंत्र घेऊ नये. वीज जाऊन आल्यावर बॉक्स लावलेली वेळ विसरतो की काय, हे मात्र घरी आणल्याच्या दिवशीच मुख्य बटण बंद करून तपासावे.

राहिला प्रश्न कॅसेटींचा. आमच्या दमट हवेत त्यांच्या फितीवर पांढरी बुरशी धरते. खिडकीतून पाहिले तर गुंडाळीच्या कडेला ती मिठाच्या रेघेसारखी दिसते, आणि तशी कॅसेट न पुसता चालविली तर यंत्राचे हेडही खराब होते. व्हीसीआर बनविणारी शेवटची कंपनी, जपानची फुनाई, २०१६ च्या जुलैमध्ये थांबली. तेव्हा चालू स्थितीतले यंत्र ज्यांच्याकडे असेल त्यांनी ते भंगारात देऊ नये. त्याच्या मागच्या छिद्रांतून निघणारे चित्र एका स्वस्त जोडणीने संगणकावर उतरविता येते. कुंभकोणम्, तंजावर आणि तिरुवैयारू येथील मराठी घरांच्या माळ्यांवर ऐंशी-नव्वदच्या दशकांतल्या आराधनांचे, आणि काही ठिकाणी दिवंगत हरिदासांच्या मराठी कीर्तनांचे मुद्रण असण्याचा फार संभव आहे; कोणी ते उतरवून देऊ इच्छित असेल तर आमचे यंत्र, पुसण्याच्या कापडासह, त्यांच्यासाठी मोकळे आहे.