साठवणीतील बटाट्याचा रुपेरी साल-रोग

बटाट्याच्या गरास धक्का न लावता केवळ त्याच्या सालीवर निर्वाह करणारे एक कवक आहे. हेल्मिंथोस्पोरियम सोलनी हे त्याचे नाव. त्याचे वर्णन १८४९ साली प्रसिद्ध झाले. इंग्रजीत ‘सिल्व्हर स्कर्फ’ म्हणून परिचित असलेल्या या रोगास येथे रुपेरी साल-रोग म्हटले आहे. खवड्याशी त्याची गल्लत होऊ नये. खवड्याचे कारण सूक्ष्मजंतू होत, कवक नव्हे.

बटाटा मातीसकट पोत्यातून विकला जाई तोवर या रोगाकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही. ब्रिटन व उत्तर अमेरिका येथे धुतलेला माल पारदर्शक पिशव्यांतून विकण्याची प्रथा रूढ झाली, आणि खाण्यास सर्वथा योग्य असा बटाटा केवळ डागांमुळे नाकारला जाऊ लागला.

प्रारंभी सालीवर फिकट तपकिरी, अस्पष्ट कडांचे डाग पडतात. कवक परित्वचेच्या बाह्य पेशींत वाढते. त्या पेशी रिक्त होऊन त्यांत हवा शिरते व ओला केलेला डाग चांदीसारखा चमकतो. तथापि खरी हानी रूपाची नव्हे. रोगट सालीतून पाणी अधिक वेगाने निघून जाते, वजन घटते आणि दीर्घ साठवणीत बटाटा सुरकुततो.

रोग मुख्यतः बियाण्यातून येतो. पानांवर वा खोडावर त्याचे कोणतेच लक्षण दिसत नसल्यामुळे उभ्या पिकाच्या तपासणीने तो कळत नाही. मंचर-खेड भागात बियाणे बव्हंशी पंजाबातून येते. तेथे पोते उघडून, बटाटे धुऊन पाहणे हीच खरी परीक्षा होय. साल पक्की झाल्यावर पीक जमिनीत जितके अधिक राहील तितका संसर्ग वाढतो; म्हणून काढणी लांबवू नये.

भांडारात मात्र मोठाच पेच उभा राहतो. काढणीच्या जखमा भरून येण्यास उबदार व दमट हवा लागते, पुढे वजन टिकविण्यासही ९० ते ९५ टक्के सापेक्ष आर्द्रता इष्ट असते. आणि नेमक्या अशाच हवेत कवकाचे काळपट बीजाणू विपुल निर्माण होऊन वाऱ्याच्या झोताबरोबर निरोगी बटाट्यांवर पसरतात. सुमारे ३ अंश सेल्सियस तापमानात कवकाची वाढ जवळजवळ थांबते. परंतु तळणीसाठी राखलेला बटाटा इतक्या थंडीत ठेवल्यास त्यात शर्करा साचून काप काळवंडतात. तेव्हा जखमा भरण्याचा काळ शक्य तितका आखूड ठेवणे, त्यानंतर तापमान हळूहळू उतरविणे व सालीवर दव साचू न देणे, एवढाच मध्यम मार्ग उरतो.

१९७० नंतर थायाबेंडाझोल या कवकनाशकावर मोठी भिस्त होती. त्याच्या अतिवापराने प्रतिकारक्षम वाण निपजले. कवकाच्या बीटा-ट्युब्युलिन प्रथिनातील १९८व्या स्थानी ग्लुटामिक अम्लाऐवजी अ‍ॅलानीन वा ग्लुटामीन येते. एवढ्या एका बदलाने औषध निष्प्रभ ठरते, आणि त्याच गटातील बेनोमिलही. आजही पूर्णतः रोगप्रतिबंधक असा व्यापारी बटाट्याचा वाण उपलब्ध नाही. फ्लुडिऑक्सोनिलसारख्या भिन्न गटातील औषधांची बीजप्रक्रिया उपयुक्त आहे. परंतु मागील हंगामाची धूळ भांडाराच्या भिंतींवर तशीच राहिली, तर नव्या मालास संसर्ग तेथूनच होतो.