रंगाचा टोप वेगळा

मुरबाड-शहापूरच्या रानात रंगाला तोटा नाही. फाल्गुनात पळसाखाली केशरी फुलांचा सडा पडतो, सागाचं कोवळं पान चुरगाळलं तरी बोटं लाल होतात, आणि खैरापासून काथ काढणं हा तर इथल्या कातकऱ्यांचा जुना धंदा. शिमग्यासाठी पळसाची फुलं उकळण्याची रीतही जुनीच. पण शिमग्याचा रंग आंघोळीत निघून गेला तरी चालतो. कापडावरचा रंग धुण्यात टिकावा लागतो. तो टिकवायला पाण्यात जे घालतात, त्यापासून भांड्याचा प्रश्न सुरू होतो.

सरळगावच्या बाजूला एका परसात हे काम सुरू होतं. आधी सुती कापड धुण्याच्या सोड्यात उकळून त्याची खळ काढली, तीही स्टीलच्या टोपात. जर्मलच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, भांड्याला सोडा खातो. भांडं काळं पडतं आणि धातू पाण्यात उतरतो. मग कापड रात्रभर हिरड्याच्या पाण्यात. सुताला तुरटी सहजी धरत नाही, हिरड्यातला तुरटपणा तिला धरून ठेवतो. सकाळी तुरटीचं पाणी: किलोभर कापडाला साधारण दीडशे ग्रॅम. शेवटी पळसाचा गाळलेला काढा, मंद आच आणि ढवळायला बांबूची काठी. कापड पिवळं झालं. चिमूटभर चुन्याने तेच नारिंगीकडे झुकलं.

एका कोपऱ्याला मात्र लोखंडी पळी लागली आणि तिथे करडा डाग उमटला. हिरडा आणि लोखंड एकत्र आले की काळं होणारच. पूर्वी शाईसुद्धा याच मेळातून करत. तांब्या-पितळेच्या भांड्यातही रंग मळतो, शिवाय आंबट किंवा खारट पाण्याने कल्हई झिजते. म्हणून रंगाला धड स्टील किंवा न टवकलेलं इनॅमलचं भांडं घ्यावं.

हे झालं कापडाच्या भल्याचं. पोटाचा हिशेब वेगळा आहे. नुसती हळद किंवा डाळिंबाची साल स्टीलच्या पातेल्यात उकळली, तर पातेलं नीट घासून पुन्हा वापरायला भीती नाही. पण रंग गडद करायला हिराकस येतो, हिरवट छटेसाठी मोरचूद येतो. मोरचूद म्हणजे बागाईतदार बोर्डो मिश्रणात वापरतात तोच. पोटात गेला तर उलट्या होतात, ओढ्यात गेला तर मासे मरतात. बायक्रोमेट तर घरात आणूच नये, त्यातलं क्रोमियम कर्करोगकारक आहे. रंग रानातल्या फुलाचा असला, तरी या पुड्या रानातल्या नव्हेत.

बाजारातल्या तयार रंगाचंही तसंच. कर्करोगकारक घटक सुटू शकणाऱ्या ११२ रंगांवर भारतात १९९०च्या दशकातच बंदी आली. तरी सुट्या पुडीत काय आहे ते पुडीवरून कळत नाही. काही रंगांची कोरडी भुकटी श्वासातून गेल्याने दम्यासारखा त्रास जडतो. पुडी वारा नसलेल्या जागी, नाका-तोंडावर धुळीचा मास्क लावून फोडावी. उकळायचं मात्र अंगणात, स्वयंपाकाच्या चुलीपासून लांब.

‘घासलं की झालं’ हे म्हणणं लाकडी डाव, प्लॅस्टिकची बादली आणि चरे पडलेलं नॉनस्टिक यांच्या बाबतीत मुळीच खरं नाही. ती रंग आणि क्षार धरून ठेवतात. स्टील निघतं स्वच्छ, पण गर्दीच्या घरात आज तुरटीचा असलेला टोप उद्या मोरचुदाचा होतो आणि परवा त्यात भात शिजतो. म्हणून त्या परसातल्या टोपाच्या काठाखाली ड्रिलने भोक पाडून तार ओवली होती. घरी आलेल्या पाहुणीलाही विचारावं लागू नये, हा हेतू. टोप गोठ्यात टांगलेला, आणि त्याच तारेला पळी, गाळणं व पुड्या मोजायची वाटीही अडकवलेली. टोप सगळ्यांच्या लक्षात राहतो. नजर चुकवून स्वयंपाकघरात परत येते ती बहुधा पळी.