ब्रासमध्ये न मावणारी वाळू

नामपुरात वाळूची चौकशी केली की उत्तर ब्रासमध्ये मिळते. शंभर घनफुटांचा एक ब्रास. मोसमच्या पात्रातली वाळू हा बागलाणात बांधकामाचा माल आहे; तिला माती कोणी म्हणत नाही. जमिनीला मात्र आमच्याकडे नावे भरपूर आहेत: काळी, मुरमाड, बरड, चोपण, पोयटा. कांदा कुठे आणि डाळिंब कुठे, हे या नावांवरूनच ठरते. त्या यादीत वाळू नाही. नाही म्हणायला पंढरपुरात चंद्रभागेच्या वाळूला आपण ‘वाळवंट’ म्हणून मान दिला, पण तिथेही उगवते ती भक्ती, झाड नव्हे.

त्यामुळे वाळूत जंगल उभे राहते, आणि ते जंगल पायाखालच्या वाळूची हळूहळू माती करते, हे देशावरच्या माणसाला लवकर पटत नाही. त्याचे कारण आपल्या दगडात आहे. साल्हेर-मुल्हेरचे डोंगर बेसाल्टचे. बेसाल्टमध्ये मोकळी गारगोटी जवळपास नसतेच. त्यातली खनिजे ऊन-पावसात कुजतात आणि त्यांची चिकणमाती होते. चिकणमातीचा कण 0.002 मिलिमीटरपेक्षाही बारीक. तो पाणी धरतो, फुगतो, उन्हाळ्यात आकसून भेगा पाडतो. वाळूचा कण त्याच्या कित्येक पट मोठा. दोन कणांमधल्या फटींतून पाणी सरळ खाली उतरते आणि विरघळलेले अन्नद्रव्यही सोबत नेते. काळ्या रानात खत टाकले तर ते मातीच्या कणाला चिकटून राहते. वाळूत त्याला धरून ठेवणारे कोणी नसते. ते काम तिथे एकाच गोष्टीला करावे लागते, ती म्हणजे कुजलेला पाला.

थंड प्रदेशांत मोठ्या सरोवरांच्या काठी वाळूच्या टेकड्यांची रांग असते. आमच्याकडे सरोवर म्हणजे धरण. मोसमवरचे हरणबारीच घ्या. पावसाळ्यात पाणी वर चढते, उन्हाळ्यात खाली सरकते. उघड्या पडलेल्या जमिनीत गाळपेर करायची हा धरणकाठचा जुना शिरस्ता. काठच दरवर्षी जागा बदलतो, तिथे लाटांनी वाळूची वरंबी कुठे रचायची? मोसमची वाळू मालेगावला गिरणेत, पुढे तापीत आणि अखेर सुरतेजवळ समुद्रात जायची. आता वाटेत गिरणा धरण आहे, पुढे उकाई आहे. सुरतेजवळच्या डुमसची काळी वाळू पाहताना मला तरी आपल्याच डोंगरांची आठवण येते.

म्हणून वाळूतले जंगल पाहायचे तर घाट उतरावा लागतो. कोकणात समुद्रकाठच्या वाळूच्या पट्ट्याला ‘पुळण’ म्हणतात. दिवेआगर, श्रीवर्धन, गुहागर ही गावे अशाच जुन्या पुळणींवर वसलेली. समुद्र थोडा मागे हटला, लाटांनी नवा बांध घातला, जुना आत राहिला. असे समांतर बांध आणि त्यांच्यामधले सखल पट्टे. गावाचा रस्ता किनाऱ्याला समांतर का धावतो, याचे उत्तर बरेचदा याच बांधात असते. वाळूचा रंगही दक्षिणेकडे बदलत जातो. रायगडात ती काळसर, कारण मागे बेसाल्ट. मालवण-वेंगुर्ल्याकडे ती उजळते, कारण तिथे जुने, गारगोटीचे खडक आहेत. तिच्यात शिंपल्यांचा चुराही मिसळलेला असतो. त्याच्या चुन्यामुळे ताजी पुळण आम्लधर्मी होत नाही.

सर्वांत पुढे मर्यादवेल. हे नाव ज्याने ठेवले, त्याने किनारा नीट पाहिलेला होता: समुद्राने कुठवर यायचे, ती हद्द ही वेल दाखवते. वाऱ्याने आलेली वाळू तिच्या पानांशी अडते, वेल पुन्हा वर येते, ढिगारा वाढतो. मागे केवडा, उंडी, आणि आता सर्वत्र सुरू. सुरू इथला नव्हे. एकोणिसाव्या शतकात कारवारच्या किनाऱ्यावर त्याची लागवड झाली आणि मग तो पसरला. त्याच्या मुळांवरच्या गाठींतले सूक्ष्मजीव हवेतला नत्र बांधतात, म्हणून नापीक वाळूत तो तग धरतो. मात्र त्याच्या काड्यांसारख्या पाल्याचा जाड थर खाली दुसरे काही फारसे उगवू देत नाही. सुरूचे बन दिसायला देखणे असते, पण त्याला जंगल म्हणायला माझी जीभ अडखळते.

आतल्या बांधावर नारळ-सुपारीच्या वाड्या. श्रीवर्धनची रोठा सुपारी याच वाळूतली. वाडीत खणले तर वर काळपट थर लागतो आणि खाली पुन्हा पुळणीचीच वाळू. तो थर झावळ्या, शेण आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या शिंपण्याने घडलेला. विहिरीला गोडे पाणी असते, कारण वाळूत मुरलेला पाऊस हलका म्हणून खाऱ्या पाण्यावर तरंगतो. समुद्रसपाटीच्या वर एक फूट गोडे पाणी असेल तर खाली सुमारे चाळीस फूट, असा त्याचा हिशेब. उपसा अती झाला की हाच हिशेब उलटा फिरतो.

वाळू दफ्तरही सांभाळते. दापोली तालुक्यातल्या केळशीच्या वाळूच्या टेकडीचा अभ्यास डेक्कन कॉलेजचे अशोक मराठे यांनी केला. टेकडीच्या थरांत खापरे आणि वस्तीच्या खुणा मिळाल्या. 1524 मध्ये वास्को द गामाच्या ताफ्याला दाभोळजवळ समुद्र हादरल्याचा अनुभव आला होता. मराठे यांनी टेकडीचा संबंध त्या वेळच्या त्सुनामीशी जोडला. सगळ्यांना तो पटलेला नाही.

वाळूची माती व्हायला किती काळ लागतो, हे मोजले गेले अमेरिकेतल्या मिशिगन सरोवराच्या काठी. हेन्री काउल्स यांनी 1899 मध्ये तिथल्या टेकड्यांवरच्या वनस्पतींचा अभ्यास छापला. काठाकडून आत चालत जाणे म्हणजे काळात मागे जाणे, ही त्यांची दृष्टी. 1958 मध्ये जेरी ओल्सन यांनी सुमारे 12,000 वर्षांपर्यंतच्या टेकड्यांची माती तपासली. सुधारणा बहुतेक पहिल्या हजारेक वर्षांत होते. चुना धुऊन जातो, आम्लता चढते आणि पुढे ओकचे रान हजारो वर्षे तसेच राहते. त्याच सरोवराच्या उत्तरेला, थंड सूचिपर्णी रानाखाली, काळ्या पाल्याखाली राखेसारखा पांढरा थर आणि त्याखाली लोहाचा तांबूस थर बनतो. रशियन शेतकऱ्यांनी अशा जमिनीला ‘राखेखालची’ अशा अर्थाचा शब्द दिला, तोच ‘पॉडझॉल’ शास्त्रात रूढ झाला. कोकणाच्या उष्ण दमटपणात पाला इतक्या झपाट्याने कुजतो की वाडीत काळा थर टिकवायचा तर दरवर्षी भर घालावी लागते.

3 जून 2020 रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. श्रीवर्धन, दिवेआगर, दापोलीकडच्या वाड्यांत सुपारी आणि माड आडवे झाले, सुरूची बने मोडली. नवी सुपारी धरायला सहा-सात वर्षे लागतात. सरकारी पंचनाम्यात झाडे मोजली जातात; सावली गेल्यावर उन्हात उघडा पडलेला तो वीतभर काळा थर कुठल्याच रकान्यात येत नाही.