दमसासाचा व्यायाम : आपल्याला कोणता मानवेल?

व्यायामाचा विषय निघाला की आपले उत्तर ठरलेले असते : "शेतकऱ्याला कसला आलाय व्यायाम? दिवसभर शेतातच तर असतो!" हे उत्तर आपल्या वडिलांच्या तोंडी शोभत होते. बैलांमागे वीतभर रुंदीचे तास धरून एक एकर नांगरायचे म्हणजे सतरा-अठरा किलोमीटर चाल होते. हिशेब कागदावर मांडून पाहावा. आज नांगरट ट्रॅक्टरची, पाणी ठिबकचे, मोटार मोबाईलवरून सुरू होते आणि मळ्यात जायला फटफटी. शेतात आपण असतो खरे, पण पुष्कळदा बांधावर उभे!

अंग दुखणे वेगळे आणि हृदयाला व्यायाम होणे वेगळे. हातापायांचे मोठे स्नायू सलग हलत राहिले, नाडी वाढली आणि काही वेळ तशीच टिकली, म्हणजे हृदय व फुप्फुसे तयार होतात. लंडनमधील दुमजली बसच्या नोकरवर्गाची पाहणी डॉ. जेरेमी मॉरिस यांनी १९५३ साली प्रसिद्ध केली. जिन्याने सारखी चढ-उतार करणाऱ्या कंडक्टरांपेक्षा बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांत हृदयविकार जास्त आढळला. गाडी एकच होती!

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम सांगितला आहे. म्हणजे रोज अर्धा तास, पाच दिवस. एका दमात जमत नसेल तर दहा-दहा मिनिटे केली तरी चालतात. मध्यम म्हणजे किती? चालता चालता बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये. घड्याळाची गरज नाही.

आता कोणता व्यायाम निवडावा? ज्यांचे गुडघे शाबूत आहेत त्यांना झपाझप चालणे सर्वांत सोयीचे, खर्च फक्त बुटांचा. "मना गुडघा दुखस" म्हणणाऱ्या आप्पांनी सायकल काढावी. सीट इतकी उंच ठेवावी की पायडल खाली गेल्यावर पाय जवळजवळ सरळ होईल. पोहणेही गुडघ्यांना सोसते, मात्र विहिरीत एकट्याने उतरू नये. भरतीची तयारी करणारी पोरे धावतात म्हणून पन्नाशीच्या माणसाने पहिल्याच दिवशी त्यांच्या मागे धावू नये. लळिंगच्या किल्ल्याची चढण चांगली, पण ती दोन महिने सपाटीवर चालल्यानंतर. भगिनींचे घरकाम कष्टाचे आहे, तरी ते थांबत थांबत होते. त्यांनी शेजारणींना घेऊन पहाटे निघावे. सोबत असली की खाडा होत नाही, हा मोठा फायदा.

चैत्रात सप्तशृंगी गडावर पायी जाणारे आपल्याकडे पुष्कळ. वर्षभर गाडीवर फिरायचे आणि एकदम शंभराहून जास्त किलोमीटर उन्हात चालायचे, हे शरीराला जड जाते. पौषापासूनच रोज थोडी थोडी चाल वाढवावी. धुळ्याचे एप्रिल-मेचे ऊन चाळिशीपार जाते. तेव्हा व्यायाम सूर्य वर येण्याआधीच उरकावा.

रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी खिशात साखरेची पुडी ठेवावी (आपल्याच कारखान्याची असली तर उत्तम!) आणि घरी आल्यावर तळपाय पाहावेत, जखम कळत नाही. चालताना छातीत दाब आला, कळ डाव्या हातात किंवा जबड्यात गेली, दरदरून घाम फुटला, तर तिथेच बसावे. पित्त झाले असेल म्हणून सोडा पिऊन वाट पाहण्यात माणसे जातात. १०८ ला फोन करावा. फटफटी स्वतः चालवत दवाखान्यात जाऊ नये.